पुऱ्या बाहीचा शर्ट

१

दर रविवारी सकाळी सातला मी शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या खोलीला कुलूप लावायचो आणि सायकल अक्कलकोट रस्त्याला काढायचो. कॅरिअरला टिकाव आणि घमेलं, हँडलला चुन्याची पिशवी, आणि कोयता गोणपाटात गुंडाळून दांड्याला बांधलेला. होनगळ गाव वीस किलोमीटरवर. गावाच्या पलीकडं सरकारी गायरान आणि गायरानाच्या टोकाला एक बुटकी, लांबट टेकडी. तिला टेकडी म्हणायला थोडं मोठं मन लागतं. पण तिचा पूर्वेचा उतार सरळ होता, आणि हिवाळ्यात खालून त्यावर असा वारा चढायचा की टोपी हातानं धरून उभं राहावं लागायचं.

त्या उतारावरून माणूस उडायचा. खरंच उडायचा. एका परदेशी मासिकातल्या आकृत्या बघून, ॲल्युमिनियमचे पाइप जोडून आणि त्यावर नायलॉनचं कापड ताणून आम्ही सत्त्याहत्तर साली एक हँग ग्लायडर केला होता. गावातले लोक त्याला पतंग म्हणायचे, मग आम्हीही पतंगच म्हणायला लागलो. आम्ही म्हणजे मी मानसिंग, गिरणीतला फिटर, आणि गुरुबसप्पा, ज्याचं शहरात कापडाचं दुकान होतं आणि होनगळला घर.

जागा सरकारी, म्हणून तहसील कचेरीची वर्षाची परवानगी आणि परवानगीला ढीगभर अटी. जनावरांची वाट मोकळी ठेवायची. वणवा लागू नये म्हणून गवताचा एक पट्टा काढून टाकायचा. उतारावरचे दगड वेचायचे, बोरीबाभळीचे फुटवे कापायचे, कडेच्या दगडांना चुना लावायचा, खांबावरची वाऱ्याची पिशवी तपासायची आणि हे सगळं केल्याची नोंद वहीत करायची. ही पिशवी म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली कापडी नळी. वाऱ्यानं ती भरते आणि वारा जिकडं चालला तिकडं शेपूट करते.

यातलं एकही काम गुरुबसप्पानं केलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी अडीच तास दगड वेचले की अकराला तो मोटारसायकलवरून यायचा, उडायचा, घाम पुसायचा आणि जायचा. परवानगी त्याच्या नावावर होती. अर्जासाठी कचेरीत सतरा खेपा मी घातल्या होत्या.

मी रागीट माणूस आहे. पण माझा राग भडकत नाही, मुरतो.

२

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत जिल्ह्याहून एक मोठे साहेब पतंग बघायला आले. बरोबर वर्तमानपत्राचा फोटोवाला. हार गुरुबसप्पाच्या गळ्यात पडला. साहेबांनी माझ्याकडं बोट करून विचारलं, "हे कोण?"

"हा होय? हा आमचा फिटर," गुरुबसप्पा म्हणाला. "पाइपबिइप बघतो."

सगळे हसले. मी फिटर आहेच, त्याची मला लाज नाही. पण ‘आमचा’ हा शब्द माझ्या छातीत असा रुतला की आजही तिथं हात लावला तर दुखतं.

आता कडीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. उडणारा माणूस जाड कॅनव्हासची झोळी अंगात घालतो. ती झोळी गुरुबसप्पाच्या बायकोनं, गिरिजावहिनींनी, घरच्या मशीनवर शिवली होती. झोळीच्या पाठीला पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला पोलादी कडी. ती कडी पतंगाच्या मधल्या पाइपाच्या फासात अडकवली की पतंग माणसाला पेलतो. नाही अडकवली, तर माणसाच्या हातात नुसता आडवा पाइप राहतो. कडी पाठीमागं असल्यामुळं ज्याची त्याला दिसत नाही. म्हणून मी नियम केला होता. पुढं पतंगाच्या नाकाची तार धरून जो उभा असेल, त्यानं नीट बघून विचारायचं, "कडी?" उडणाऱ्यानं मागं हात घालून चाचपायचं आणि म्हणायचं, "कडी." मगच तार सोडायची.

त्या दिवशी फोटोसाठी गुरुबसप्पानं कडी काढली, पतंगाबाहेर येऊन साहेबांशेजारी उभा राहिला आणि परत आत शिरला. अंगात पांढरा, पुऱ्या बाह्यांचा शर्ट, मनगटाला बटणं लावलेली. मी तार धरून समोर उभा. त्याच्या पोटऱ्यांमागं कडी लोंबत होती. उन्हात चमकत होती.

मी विचारलं, "कडी?"

तो फोटोवाल्याकडं बघत होता. मागं हात न घालताच म्हणाला, "कडी."

मी तार सोडली.

मी विचारलं होतं, एवढं ध्यानात ठेवा. पुढं वर्षभर मी तेवढंच धरून बसलो होतो.

तो हातांवर लोंबकळत गेला. ओरडला नाही. वर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं असंच उडायचं असतं. खालच्या ज्वारीवर पोचेपर्यंत त्याचे हात टिकले, मग सुटले. पतंग वीस पावलांवर जाऊन आडवा झाला.

वाट मीच काढलेली, त्यामुळं सगळ्यांच्या आधी मी खाली पोचलो. माणूसभर उंचीच्या ज्वारीत तो पडला होता. मान भलतीकडं वळलेली, डोळे उघडे. माझ्याकडं बघून त्यानं ओठ हलवले. "कडी?" तो म्हणाला. सांगितलं नाही, मला विचारलं. मग संपला.

वरून माणसं ओरडत येत होती. मी खिशातला चाकू काढला, झोळीचा पट्टा शिवणीपाशी कापला आणि कडी, पट्ट्याच्या तुकड्यासकट, पतंगाच्या फासात अडकवून ठेवली. हे मी का केलं? भीतीनं केलं. पंचनाम्यात आलं ते असं: कडी जागेवर होती, पट्टा शिवणीत तुटला.

३

गावात महिनाभर एकच बोलणं होतं, की बाईची शिवण कच्ची निघाली आणि नवरा गेला. बायका गिरिजावहिनींकडं कपडे शिवायला टाकायच्या, ते बंद झाले. मला हे कळत होतं. वाईटही वाटत होतं. पण तोंड उघडलं असतं तर माझ्याच गळ्याला फास होता.

दिवसकार्य उरकल्यावर मी भेटायला गेलो. समोरच्या खोलीत शिवणयंत्र, खिडकीशी एक स्टूल, खुंटीवर तो पांढरा शर्ट. धुऊन, इस्त्री करून टांगलेला.

"बसा, मानसिंगण्णा," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर झोळी होती. "येक इचारू? उसवल्याली शिवण आसती की न्हाय, तिची टोकं पिंजारत्यात. ही बगा. सरळ हायत."

"ताण फार आला की असं होतं, वहिनी," मी म्हणालो. माझा आवाज मला चांगला ऐकू आला. एकदम साधा होता.

"आसंल. तुमी फिटर. तुमाला ठावं." त्यांनी झोळी बाजूला ठेवली. "परवानगी आता माज्या नावावर केलीया कचेरीनं. माळ मोडायचा न्हाय. तुमी येत जावा दर आयतवारी. वाऱ्याची पिशवी फाटलीया म्हनं?"

"फाटली आहे."

त्या उठल्या. खुंटीवरचा शर्ट काढला, यंत्रावर पसरला आणि माझ्यासमोर कात्रीनं त्याची उजवी बाही खांद्यापासून कापली. आमच्याकडं गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात. कापून कामाला लावलेले मी कधी पाहिले नव्हते. पण मी काही बोललो नाही, आणि माझी खरी चूक तीच. मी कापडाकडं बघत होतो. घट्ट विणीचं, लांबीला बरोबर, खांद्याकडं रुंद आणि मनगटाकडं निमुळतं. वाऱ्याच्या पिशवीला याहून चांगला आकार मिळाला नसता. फिटरचं डोकं असं चालतं.

त्यांनी खांद्याच्या तोंडात तारेचं कडं शिवलं. मनगटाची बटणं तशीच लावून ठेवली. टांगायला त्यांनी गुरुबसप्पाचीच पोलादी कडी दिली.

"ही लावा," त्या म्हणाल्या. "मी शिवल्यालं उसवत न्हाय."

४

पहिले दोन-तीन रविवार काही नाही. पिशवी वाऱ्यानं भरायची आणि कडी लोखंडी खांबावर वाजायची. टिंग. मधे थांबून पुन्हा टिंग. दगड वेचताना तो आवाज सोबतीला असायचा.

होळीच्या आधीच्या रविवारी मी उत्तरेच्या कडेला चुना लावत होतो. सहज वर बघितलं, पिशवीचं शेपूट माझ्याकडं होतं. म्हणजे वारा दक्षिणेचा. वहीत तसं लिहिलं. मग दक्षिणेच्या कडेला गेलो, पाचसहा दगड रंगवले आणि वर बघितलं. शेपूट माझ्याकडं होतं.

टेकडीवर भोवरे असतात, वारा दर घटकेला फिरतो, हे मला माहीत आहे. मी खांबावर चढून वरच्या फिरत्या कड्याला तेल घातलं. खाली उतरून खांबाभोवती सावकाश एक फेरी मारली. पांढरी बाही माझ्याबरोबर फिरली. मी थांबलो, ती थांबली. मग मी मूठभर माती घेऊन हळूहळू सोडली. माती पश्चिमेकडं उडत गेली. बाही पूर्वेकडं, माझ्याकडं, आडवी ताठ उभी होती.

मी टिकाव उचलला आणि कामाला लागलो. मान वर केली नाही. आवाज मात्र येतच होता.

गायरानात शेळ्या चारायला रामहरी नावाचा म्हातारा असायचा. आम्ही टेकडीवर आलो तेव्हापासून तो आम्हाला बघत आलेला, आणि पतंगाची टिंगल करण्यात पहिला. त्या दिवशी तो वर आला, कपाळावर हात धरून खांबाकडं बघत राहिला.

"फिटरसायेब, वारं कुनीकडनं हाय?"

"पूर्वेकडून."

"मंग पिशवी तुमच्याकडं कशी?"

"कडं अडकलंय वर."

"आसं व्हय." त्यानं शेळ्यांकडं एक खडा भिरकावला. "म्या मगाशी खालनं बगितलं. तुमी वाटंनं वर येत हुता. तवा ती खाली वाकून बगत हुती की हो." तो हसला नाही. त्या दिवसापासून तो शेळ्या दुसऱ्या अंगाला चारायला लागला.

वहीत मी लिहिलं: वारा अनिश्चित.

५

शेवटी एप्रिलमधे मी ती पिशवी उतरवली. कारण स्वतःला असं सांगितलं की मळली आहे, धुवायला हवी. उन्हाळ्यात कुणी उडत नव्हतंच.

माझी खोली दहा बाय बारा. एक खिडकी, एक दार, कोपऱ्यात स्टो, भिंतीला खाट. दुपारी मी बाही धुतली आणि दोरीवर वाळत घातली. रस्त्यावरची धूळ नको म्हणून खिडकी लावली. पंखा माझ्याकडं नव्हता. खोलीत उकाडा असा की भिंतीला हात लावला तर चटका बसावा.

स्टोवर चहा ठेवला आणि मागं वळलो. बाही माझ्याकडं वळली होती. ओली असताना, पाणी निथळत असताना, मनगटाचा भाग दोरीपासून वीतभर पुढं आला होता.

ओलं कापड वाळताना आकसतं, म्हणून वळतं. मी स्वतःला हे मोठ्यानं सांगितलं. खाटेवर जाऊन बसलो. स्टो फरफरत होता आणि त्या आवाजाखाली कापड हळूच सरकल्याचा आवाज आला. मी खाटेकडं आलो तसं मनगट खाटेकडं आलं.

मग मला संताप आला, आणि संतापाचं मला बरं वाटलं, कारण त्यात भीती मावत नव्हती. मेल्यावरही हा माणूस मला बोट दाखवणार! मी दाढीचं पातं घेतलं, बाही दोरीवरून ओढली, मांडीवर धरली आणि तारेच्या कड्यापाशी शिवण उसवायला लागलो. एक टाका तुटेना. गिरणीत मी पोलादी तारा कापतो. ते सुती धागे पात्याखाली नुसते दबत होते आणि परत वर येत होते. तिसऱ्या खेपेला पातं निसटलं आणि माझ्या अंगठ्यात हाडापर्यंत गेलं.

रक्त पांढऱ्या कापडावर पडलं. मी बघत होतो. डाग पसरला, फिका झाला आणि राहिला नाही.

स्टोवर चहा उतू गेला होता. मी बाही घडी करून ट्रंकेत ठेवली, वर ट्रंकेचं कुलूप लावलं. पुढच्या रविवारी तीच बाही काढून परत खांबावर चढवली. घरात असण्यापेक्षा ती माळावर असलेली बरी, एवढं मला कळलं होतं.

६

तुम्ही म्हणाल, मग हा माणूस माळ सोडून का गेला नाही? कारण माळ माझा होता. तिथला एकेक दगड माझ्या हातानं उचललेला. गुरुबसप्पा गेला आणि पहिल्यांदाच लोक मला विचारायला लागले, आता पतंग कोण उडवणार? मी वर्षभर पतंग दुरुस्त केला. लहान उतारावरून, जमिनीला पाय टेकत टेकत, एकटा शिकलो. नवी झोळी वहिनींनीच शिवून दिली. मी मागितली तेव्हा त्यांनी फक्त माझं माप घेतलं.

एकोणऐंशीच्या जानेवारीत परवानगीची मुदत संपत होती. कचेरीचं म्हणणं, वर्षात एकदाही उड्डाण झालेलं नाही, तर जमीन झाडं लावायला देऊन टाकू. नाहीतर आमच्या माणसासमोर एकदा उडून दाखवा. मी ठरवलं, आपण उडायचं. एकदा उडालो की परवानगीवर माझं नाव घालून घ्यायचं, आणि त्या दिवशी ती बाही उतरवून जाळायची.

कचेरीचे साहेब आले. गावातली चाळीस-पन्नास माणसं आली. सगळी खांबाच्या पलीकडं, पन्नास पावलांवर बसली. वारा पूर्वेचा, एकसारखा. मी मूठभर माती सोडून दोनदा खात्री केली. खांबाकडं बघायचं टाळलं.

तार धरायला रामहरीला सांगितलं होतं. तो वर आला, खांबाकडं बघितलं आणि हात मागं घेतले.

"म्या न्हाय धरायचा, फिटरसायेब. तुमी आज जाऊ बी नगा."

"मी धरते," गिरिजावहिनी म्हणाल्या.

त्या पदर खोचून पुढं आल्या आणि तार धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आम्ही पतंग करत होतो तेव्हा अंगणात त्यांनी ती कितीदा धरली होती, नियम त्यांना पाठ होता. मी पतंगात शिरलो, कडी फासात अडकवली, ओढून बघितली. नवी कडी, मी स्वतः घडवलेली. घट्ट बसली.

वहिनी माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला होता. आपलं माणूस दारात आलं की बाईचा चेहरा होतो, तसा.

"कडी?" त्यांनी विचारलं.

मी मागं हात घालून चाचपलं. "कडी."

त्यांनी तार सोडली नाही. माझ्या पाठीशी आवाज झाला. टिंग. झोळीचा पट्टा सैल पडल्यासारखा वाटला. मी परत हात घातला. कडी फासात होती.

"कडी?"

"कडी."

टिंग. आता मी मान वळवली. मला पाठ दिसणार नव्हती, खांब दिसला. खांबावर बाही नव्हती. नुसती दोरी वाऱ्यावर हलत होती. मी हात मागं नेला. फास रिकामा लागला. मग कडी लागली. मग परत फास रिकामा. बोटांचं काही खरं धरता येत नव्हतं. आणि मागं अगदी जवळ इस्त्रीच्या कापडाचा वास होता.

"कडी?" वहिनींनी तिसऱ्यांदा विचारलं.

पलीकडं साहेब घड्याळ बघत होते. मी म्हणालो, "नव्हती. वहिनी, कडी नव्हती. मला दिसत होती. पट्टा मी कापला."

पन्नास पावलांवर त्यातला एक शब्दही गेला नसणार, पतंगाचं कापड कानाशी फडफडत होतं. वहिनींनी मात्र माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय. तुमच्या तोंडनं पायजे हुतं."

मी पट्टे सोडायला हात वर नेला. त्यांनी तार सोडली, आणि वाऱ्यानं पतंग उचलला.

मी एक पाऊलही धावलो नव्हतो. पाय जमिनीवरून सुटले आणि माझं सगळं वजन हातांवर आलं. पट्टा पाठीवर सैल फडफडत होता. खाली चुन्याचे दगड सरकले, जनावरांची वाट सरकली, ज्वारी आली. मला ओरडायचं होतं, पण ओरडायला लागणारी ताकद हातांना हवी होती. गुरुबसप्पा का ओरडला नाही, ते मला कळलं.

मागं वर टाळ्या वाजत होत्या.

७

मी पालथा पडलो होतो. तोंडात माती. पाय होते, पण माझे वाटत नव्हते. भोवती ज्वारीची ताटं, वर कणसं, आणि फार शांत.

वाटेनं धावत आलं तरी टेकडीवरून इथवर यायला पाच मिनिटं लागतात. मला माहीत आहे, वाट मी काढली आहे. पण तेवढ्यात ताटं बाजूला होत गेली. घाईनं नाही. एकेक ताट हातानं सारत कुणी येत होतं.

मला मान उचलता येत नव्हती. दिसलं ते कमरेपासून खांद्यापर्यंत. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. डावा हात पुऱ्या बाहीत, मनगटाला बटण. उजवा हात खांद्यापासून उघडा. बाहीच नव्हती तिथं, आणि कापलेल्या कडेला एकही धागा पिंजारलेला नव्हता.

तो माझ्यावर वाकला. पाठीपाशी पट्टा ओढला गेला. शेजारी पडलेल्या पतंगाचा पाइप करकरला.

टिंग.

मग वरून माणसांचा गलका जवळ आला, आणि ज्वारी हलायची थांबली.

८

कचेरीच्या साहेबांनी लिहिलं: कडी फासात जागच्या जागी होती, पट्टा शाबूत, शिवण शाबूत, उड्डाण करणारा इसम घाबरला असावा. मी सिव्हिल हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर सगळं सांगितलं. कडी, चाकू, सगळं. लिहून घेणाऱ्यानं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे.

उड्डाण झालं म्हणून परवानगी वाढवून मिळाली. गिरिजावहिनींच्या नावावर. रामहरी एकदा येऊन गेला. तो म्हणाला, गावात आता बायका म्हणतात, फिटरची हाडं मोडली पण बाईची शिवण मोडली नाही. त्यांच्याकडं परत कपड्यांचा ढीग पडायला लागलाय. माझ्याबद्दल काय म्हणतात, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मागच्या रविवारी दुपारी वहिनी आल्या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"डाक्टर काय म्हनत्यात?"

"दोन महिन्यांत चालशील म्हणतात."

"बरं झालं."

त्यांनी पिशवीतून पांढरा शर्ट काढून मांडीवर ठेवला. दोन्ही बाह्या होत्या. उजव्या खांद्याशी बारीक, नवी शिवण. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"त्यांची बाही त्यांना परत शिवली," त्या म्हणाल्या. "उगडा हात बरा दिसत न्हाय."

"मग माळावर पिशवी?" मी विचारलं. सवयच ती. दर रविवारी तपासायची असते.

वहिनी उठल्या. माझ्या उशाशी खुंटीवर माझा शर्ट टांगला होता, पडलो त्या दिवशीचा. हॉस्पिटलवाल्यांनी धुऊन ठेवलेला. त्यांनी तो उतरवला, उजवी बाही ताणली आणि वितीनं मोजली.

"पुरंल," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी जिवंत आहे अजून."

"ठावं हाय की." त्यांनी पिशवीत हात घालून कात्री काढली. "घाई कुटं हाय?"

दुपारची वेळ होती, वॉर्डात कुणी जागं नव्हतं. त्यांनी बाही खांद्यापासून कापली, नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि उरलेला शर्ट परत खुंटीला लावला.